धरलंय कुणी?

सलीमचा फोन आला तेव्हा मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका अर्धवट उभ्या राहिलेल्या शेडखाली होते. वर वेल्डिंग चाललं होतं, शेजारी ग्राइंडर करकरत होता आणि फिटर मला विचारत होता की ही आडवी दांडी आज लावू की उद्या. सलीम म्हणजे माझ्या मैत्रिणीचा, नसीमचा, धाकटा भाऊ. एरवी तो फोन करत नाही, मेसेज टाकतो. त्याचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हाच काय ते कळायला हवं होतं, पण मन हट्टी असतं. मला वाटलं, आमच्या चालू असलेल्या पुलाच्या रंगाबद्दल काही विचारायचं असेल. "सुनंदाताई, आपा गेली हो," तो म्हणाला. ग्राइंडरमुळे मला ऐकू आलं नाही अशी मी स्वतःची समजूत घातली आणि त्याला पुन्हा बोलायला लावलं. त्या बिचाऱ्याला ते वाक्य दोनदा म्हणावं लागलं... फोन ठेवला तरी फिटर तसाच उभा होता. त्याला म्हटलं, आजच लाव. मग गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

याला आता काही आठवडे झाले. नसीमचं आजारपण वर्षभराहून जास्त चाललं होतं, त्यामुळे मनाची तयारी झालीच असेल असं भेटायला आलेले म्हणतात. मी मान हलवते. पण खरं सांगायचं तर तिची आठवण मोठ्या प्रसंगी येत नाही. एखादा सांधा नीट सुचत नाही, ड्रॉइंगमध्ये काहीतरी खटकतं पण काय ते सापडत नाही, तेव्हा हात आपोआप फोनकडे जातो. समोरून "बोल गं" ऐकू यायचं. त्या दोन शब्दांसाठी जीव तुटतो. बाकीचं बोलणं मी आठवून काढू शकते, पण ते "बोल गं" जसंच्या तसं कानात आणायला गेलं की निसटतं.

आम्ही कॉलेजात भेटलो. सिव्हिलच्या वर्गात मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात ही नसीम शिकलगार, उद्यमनगरातल्या फॅब्रिकेशनवाल्या शिकलगारांची थोरली. पहिल्याच वर्षी वर्कशॉपच्या तासाला सरांनी सांगितलं, मुलींनी नुसतं बघितलं तरी चालेल. नसीमनं ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "सर, मी करतो की. घरी करतोच." आम्ही कोल्हापूरच्या मुली तेव्हा सगळ्याच येतो, जातो, करतो असंच बोलायचो. पुढं लग्न झाल्यावर, चार गावची माणसं भेटल्यावर माझी ती सवय गेली. तिची गेली नाही. पुण्यात मोठ्या ऑफिसात नोकरीला होती तेव्हा तिथले लोक हसायचे म्हणे. हिनं त्यांच्यातल्याच दोघींना "येतो" म्हणायला शिकवून सोडलं.

तिचं घर वर्कशॉपच्या मागंच होतं. लोखंडाचा वास, ऑक्साईडच्या रंगाचा वास आणि त्यातून येणारा अम्मींच्या स्वयंपाकाचा वास. आम्ही मगदूम, जैन. चातुर्मासात आमच्याकडं कांदा, लसूण, बटाटा सगळं बंद. अम्मींनी माझ्यासाठी एक नवी कढई घेतली आणि तिच्या कानाला लाल दोरा बांधून ठेवला, म्हणजे चुकून कुणी तीत दुसरं काही करायला नको. मी गेले की ती कढई निघायची. माझ्या आईला मात्र वेळ लागला. सुरुवातीला नसीम आली की सोप्यातच बसायची, चहा घ्यायची, जायची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षापर्यंत अशी वेळ आली की मी एकटी घरी आले तर आई मलाच विचारायची, "ती कुठं हाय? भांडलीस काय?"

पुण्याची नोकरी सोडून नसीम परत आली ती अम्मींची नजर गेली म्हणून. सलीम तेव्हा शाळेत होता आणि अब्बांना वर्कशॉपमधून मान वर करायला सवड नव्हती. त्याच सुमारास तिला शारजातल्या एका इंजिनिअरचं स्थळ आलं होतं. माणूस चांगला होता आणि तिला मनापासून आवडलाही होता. आम्ही दोघींनी राजारामपुरीत नुकत्याच काढलेल्या ऑफिसच्या जिन्यावर बसून तिनं मला विचारलं, "जाऊ काय गं?" मी म्हटलं, जा. ती गेली नाही. अम्मींना तिकडं न्यायला तो तयार होता, पण अम्मी उद्यमनगर सोडायला तयार नव्हत्या. नकार कळवून आली तेव्हा मला आतून बरं वाटलं, ते तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार, कारण ती म्हणाली, "लई हसू नकोस आता." आणि स्वतःच हसली. त्यानंतर त्या माणसाचं नाव तिनं काढलं नाही. फक्त कधीतरी, पावसाची झड लागली की खिडकीतून बघत म्हणायची, तिकडं म्हणे पाऊसच पडत नाही... आणि पुन्हा कामाला लागायची.

आमचं काम तसं कुणाला दिसत नाही. शेड, टाक्या, गोदामं यांचा लोखंडी सांगाडा किती जाडीचा हवा ते ठरवायचं. त्यात एक गोष्ट नसीमच्या खास जिवाची. लांब, सडपातळ लोखंडी खांबावर वरून भार आला की तो तुटत नाही. तो बाजूला फुगतो, कमानीसारखा वाकतो आणि खचतो. याला आम्ही बकलिंग म्हणतो. भार किती आहे यापेक्षा, खांब मध्ये कुठं बाजूनं धरलेला आहे की नाही यावर ते ठरतं. आता हे सगळं कॉम्प्युटर तपासतो, पण कोणता खांब कुठं धरलाय हे त्याला आपण सांगावं लागतं. नाही सांगितलं तर तो दोन सांध्यांमधला प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना घट्ट धरलेला आहे असं मानून मोकळा होतो, आणि पडद्यावर सगळं हिरवं दाखवतो. हिरवं म्हणजे पास. म्हणून नसीमचा हिरव्या रंगावर विश्वास नव्हता. ती ड्रॉइंग छापून टेबलावर पसरायची, एकेका दांडीवर बोट ठेवायची आणि मला विचारायची, "ह्याला धरलंय कुणी?" मी सांगायचे, वरून पर्लिन आहे, पत्र्याखालची आडवी दांडी. "ती एका अंगानं. दुसऱ्या अंगानं?" मग मी शोधायला लागायचे. चहा गार व्हायचा. मला घरी जायची घाई असायची, मुलं लहान होती. ती म्हणायची, तू जा, मी बघतो. पण मी जायचे नाही. आज वाटतं, त्या गार चहाच्या संध्याकाळी अजून थोड्या असत्या तर...

एका शेडची गोष्ट सांगितलीच पाहिजे. कागलकडच्या एका कारखानदारांची ती शेड. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आमच्याकडचं निम्मं काम तेव्हा त्यांच्याकडून आणि त्यांच्या ओळखीनं यायचं. या शेडचं डिझाइन त्यांनी बाहेरच्या एका इंजिनिअरकडून करून घेतलं होतं, बँकेला दुसऱ्या इंजिनिअरची सही हवी होती, म्हणून फाइल आमच्याकडे आली. सगळं हिरवं होतं. नसीमनं कॉम्प्युटरमधलं मॉडेल उघडलं आणि दुपारभर त्यातच राहिली. खांबाच्या मध्यावर क्रेनसाठी ब्रॅकेट होतं. ब्रॅकेट दाखवायला तिथं सांधा दिलेला, त्यामुळे कॉम्प्युटरच्या लेखी एका खांबाचे दोन तुकडे झाले होते आणि मध्यावर तो बाजूनं धरलेला होता. प्रत्यक्षात तिथं ना आडवी दांडी, ना भिंत. असल्या सडपातळ खांबाची मोकळी लांबी दुप्पट झाली की ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. नसीमनं खांब जसा होता तसा मांडून पुन्हा तपासला. त्या खांबांची सगळी रांग लाल, म्हणजे नापास, झाली.

अण्णा ऑफिसात आले ते चिडूनच. पाया झाला होता, खांब तयार होत होते. आडव्या दांड्या टाकायच्या तर ट्रक आत यायचं मोठं दार आडवं येत होतं. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या इंजिनिअरनं पास केलंय, तुम्ही दोघी काय नवीन काढताय? नसीम म्हणाली, "पास कॉम्प्युटरनं केलंय अण्णा. मध्ये कुणीतरी धरलंय असं त्याला वाटतंय. धरलंय कुणी? हवेनं?" अण्णांनी फाइल उचलली आणि सही दुसरीकडून घेतो, पुढची कामंही तिकडंच देतो, असं सांगून निघून गेले. नसीमनं मॉडेल बंद केलं. मग ती म्हणाली की ते माणूस वाईट नाही, त्याला फक्त दिसलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून तिनं त्यांना उद्यमनगरात, अब्बांच्या वर्कशॉपमध्ये चहाला बोलावलं. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पण ते आले.

तिनं एक लांब, पातळ लोखंडी पट्टी आणली, फरशीवर उभी धरली आणि अण्णांना वरून दाबायला सांगितलं. ते आडदांड माणूस, तालमीतलं अंग. त्यांनी जरा जोर दिला आणि पट्टी धनुष्यासारखी वाकली. ते म्हणाले, वाकणारच की. मग नसीम खाली बसली, पट्टीच्या मध्यावर दोन्ही अंगांनी एकेक बोट लावलं आणि म्हणाली, "आता दाबा." त्यांनी मघाइतकंच दाबलं. पट्टी सरळ राहिली. आणखी दाबलं, तरी सरळ. नसीमच्या बोटांना काही फारसा जोर लागत नव्हता हे त्यांना दिसत होतं. ते तिच्या बोटांकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी हात झटकले आणि विचारलं, "दार कुठं सरकवायचं ते दाखवा." दार मागच्या भिंतीत गेलं, दांड्या लागल्या. ती शेड आज उभी आहे. त्या दांड्या नसत्या तर काय झालं असतं हे कुणालाच कधी कळणार नाही, आणि नसीमला ते तसंच बरं वाटायचं. तिच्या दफनानंतर अण्णा घरी आले होते. सलीमजवळ बसले. जाताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो बराच वेळ काढला नाही.

नसीमला आयुष्यभर एक पूल करायचा होता. मोठा नव्हे, माणसं पायी जातील असा. शेडी झाल्या, टाक्या झाल्या, गच्च्या झाल्या, पण पूल आला नाही. आला तो ती आजारी पडल्यावर. राधानगरीकडच्या एका वाडीतली माणसं सलीमकडं आली, वर्कशॉप आता तोच बघतो. वाडी ओढ्याच्या पलीकडं, दूध डेअरी अलीकडं. पावसाळ्यात ओढा भरला की दुधाचे कॅन डोक्यावर घेऊन लांबचा वळसा. त्यांनी गावातून आणि बाहेर नोकरीला गेलेल्या पोरांकडून लोखंडाची सोय केली होती, डिझाइन करणारं कुणी नव्हतं. नसीमच्या केमोच्या फेऱ्या चालू होत्या. सलीमनं सहज सांगितलं आणि ही उठून बसली. म्हणाली, हे माझं.

वाडीतनं तिला भेटायला बायजाक्का नावाच्या एक बाई आल्या होत्या, बरोबर दोन पुरुष. नसीम तेव्हा घरी, पलंगावर, डोक्याला रुमाल. तिनं विचारलं, एका वेळी किती माणसं जातील, ओझं डोक्यावर असतं की खांद्यावर, वैरणीचा भारा केवढा. पुरुष सांगत होते. मग तिनं विचारलं, म्हशी नेणार काय वरून? पुरुष म्हणाले, छे, पूल माणसांसाठीच. बायजाक्का म्हणाल्या, "न्हेणार की पावणं. पूल हाय म्हटल्यावर म्हस काय पवत जाणार व्हय?" नसीम इतकी हसली की खोकला लागला. आम्ही सगळा हिशेब म्हशी धरून पुन्हा केला.

वैरणीचे भारे अडकायला नकोत म्हणून पुलाला वर काही ठेवायचं नव्हतं, दोन्ही बाजूंना फक्त कंबरेच्या वरपर्यंत लोखंडी जाळीचा सांगाडा. अशा पुलाची सगळ्यांत वरची दांडी भार आला की दबते, आणि तिला वरून धरायला काहीच नसतं. बाजूचे छोटे खांबच तिला धरतात. कॉम्प्युटर म्हणत होता, प्रत्येक खांबापाशी दांडी पक्की धरलेली आहे. नसीम म्हणाली, "धरलंय, पण घट्ट न्हाई. धरणारा स्वतःच हलत असला तर किती धरलं म्हणायचं?" मग तिनं त्या जागी पक्के आधार काढून स्प्रिंगा मांडायला लावल्या. प्रत्येक छोटा खांब किती हलेल, त्यावरून स्प्रिंग किती कडक, हा हिशेब ती दवाखान्यात, सलाईन लागलेली असताना तोंडी सांगायची आणि मी लॅपटॉपमध्ये भरायचे. मध्येच तिचा डोळा लागायचा. मी तशीच बसून राहायचे. जाग आली की ती जिथं थांबली होती त्याच खांबापासून पुढं सुरू करायची, एकदाही चुकली नाही. पहिल्यांदा वरची दांडी लाल आली. आम्ही खांब जाड केले, बाहेरून तिरके टेकू दिले. पास झालं तेव्हा मी तिच्याकडं बघितलं. तिनं डोळे मिटूनच हात पुढं केला. मी तो धरला.

शेवटची भेट वर्कशॉपमध्ये झाली. पुलाचे दोन्ही बाजूंचे सांगाडे तयार होऊन आडवे ठेवले होते, तांबड्या ऑक्साईडमध्ये. सलीमनं तिला खुर्चीत बसवून फिटरांकडून उचलून आणलं. ती फार बारीक झाली होती. हात लांब करून तिनं वरच्या दांडीवरून फिरवला, जेवढी हाताला लागली तेवढी. रंगावरून त्या बहीणभावांचा वाद चालला होता, सलीमला निळा द्यायचा होता. ती म्हणाली, "पिवळा दे. धुक्यात बायकांना लांबनं दिसला पाहिजे." सलीम म्हणाला, बघू. निघताना तिनं मला सांगितलं, पुलाच्या टोकाचे उतार अजून बघायचे राहिलेत, एकदा ये. मी म्हटलं, रविवारी येते. "ये," ती म्हणाली... रविवार यायच्या आधीच ती गेली.

उतार मी एकटीनं बघितले. मागच्या पंधरवड्यात पूल ओढ्यावर चढला. पिवळाच आहे. मी गेले त्या दिवशी भुरभुर होती, धुकं होतं आणि वळणावर आल्याबरोबर तो दिसला. पलीकडून बायजाक्का आल्या, डोक्यावर कॅन, मागं दाव्याला म्हैस. म्हैस आधी पुलावर पाय ठेवायला तयार नव्हती, मग आली, आणि तिच्या मागं दुसरी. बायजाक्कांनी कॅन खाली ठेवला आणि मला विचारलं, "त्या बारक्या बाई आल्या न्हाईत?" मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्या म्हशी मोजल्या हुत्या गं तिनं." मग कॅन उचलून डेअरीकडं गेल्या, कारण दूध थांबत नाही. मी पुलाच्या मध्यावर उभी राहून वरच्या दांडीच्या रेषेत बघितलं. सरळ होती. हे सांगायला मी फोन बाहेर काढला होता.

ऑफिसात तिचं टेबल अजून तसंच आहे, पण तिथं मला ती फारशी भेटत नाही. ती भेटते नवं काम सुरू करताना. आमच्याकडं कुठलंही नवं मॉडेल एका जुन्या कोऱ्या फाइलवरून सुरू होतं. आम्ही ऑफिस उघडलं तेव्हा ती नसीमनं बनवली होती. तिच्यात अशी सेटिंग करून ठेवली आहे की प्रत्येक नवा खांब आणि प्रत्येक नवी दांडी मध्ये कुठंच, कुठल्याच बाजूनं धरलेली नाही असंच मानायचं. त्यामुळे पहिल्यांदा तपासलं की सगळा सांगाडा लाल होतो. दुसऱ्या ऑफिसांत हिरव्यापासून सुरुवात करतात आणि लाल कुठं आहे ते शोधतात. आमच्याकडं आलेला प्रत्येक नवा इंजिनिअर पहिल्या आठवड्यात विचारतो, मॅडम, ही सेटिंग बदलूया का? परवा सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकायला माणूस आला, त्यानंही विचारलं, जुनं काढून टाकू का. मी नको म्हटलं.

काल भाजी मंडईच्या छपराचं काम घेतलं. मॉडेल मांडलं, तपासायचं बटण दाबलं आणि पडदा लाल झाला. नसीम नेहमी डाव्या कोपऱ्यातल्या खांबापासून सुरू करायची, मीही तिथूनच सुरू केलं. एकेका खांबावर जायचं, त्याला खरोखर काय धरणार आहे ते आठवायचं, तेवढंच भरायचं. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. तरी मी प्रत्येक दांडीपाशी थांबून मोठ्यानं विचारत होते आणि उत्तर द्यायला जरा वेळ घेत होते.